२० विजय, १३४ पराभव: १८९९ च्या क्लीव्हलंड स्पायडर्सचं नक्की काय झालं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की १८९९ साली अमेरिकेतली क्लीव्हलंड स्पायडर्स ही प्रोफेशनल बेसबॉल टीम एका सीझनमध्ये १५४ पैकी १३४ मॅचेस हरली हे खरं का, खरं असेल तर इतकी कच्ची टीम सगळ्यात मोठ्या लीगमध्ये आली कुठून, पोरं मुद्दाम हरत होती का, आणि हा रेकॉर्ड कधी मोडेल का. मी बरीच वर्षं बेसबॉलचं कोचिंग आणि स्कोअरिंग करतोय, आधी पुण्यात आणि आता ओहायोत, आणि पिचर्स, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारे खेळाडू, हा माझा खास विषय, त्यामुळे या सीझनचे आकडे मी अनेकदा चाळलेत आणि दर वेळी राग येतो, तो खेळाडूंचा नाही, मालकांचा. तर जरा सविस्तर सांगतो.

आकडा खरा आहे. २० विजय, १३४ पराभव. बारा टीम्सच्या नॅशनल लीगमध्ये बारावा नंबर. पहिल्या आलेल्या ब्रुकलिनने १०१ मॅचेस जिंकल्या आणि ४७ हरल्या, म्हणजे स्पायडर्स त्यांच्या ८४ गेम मागे. पण मला जास्त बोलका वाटतो तो अकराव्या नंबरचा हिशोब. अकरावी होती वॉशिंग्टन, ५४ विजय आणि ९८ पराभव, म्हणजे ती सुद्धा रडकीच टीम, आणि स्पायडर्स तिच्याही ३५ गेम मागे. (इथे 'गेम मागे' म्हणजे दोन टीम्सच्या विजयांतला फरक अधिक पराभवांतला फरक, भागिले दोन. बेसबॉलच्या टेबलमध्ये असंच मोजतात.)

आता ही टीम मुळात कच्ची होती का? अजिबात नाही, आणि गोष्ट इथूनच समजून घ्यायला पाहिजे, कारण बहुतेक लोक फक्त १८९९ चा कॉलम बघतात आणि हसून पुढे जातात. स्पायडर्स १८८९ मध्ये नॅशनल लीगमध्ये आले आणि नव्वदच्या दशकात ही चांगली दमदार टीम होती. १८९५ मध्ये त्यांनी बाल्टिमोर ओरिओल्सला हरवून टेंपल कप जिंकला, तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या नंबरच्या टीम्समध्ये सीझननंतर ही सिरीज व्हायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच सिरीजमध्ये पोचले, फक्त त्या वेळी हरले. पिचर कोण, तर साय यंग. ज्याच्या नावाने आज दर वर्षी सर्वोत्तम पिचरला अवॉर्ड देतात तोच, करिअरमध्ये ५११ विजय, आजपर्यंत कुणी जवळपास सुद्धा गेलेलं नाही. बॅटिंगला जेसी बर्केट, १८९५ आणि १८९६ अशी सलग दोन वर्षं ४०० च्या वर सरासरी. बेसबॉलमध्ये ३०० म्हणजे उत्तम बॅटर, दहापैकी तीन वेळा हिट, त्यावरून ४०० चा अंदाज बांधा. शिवाय बॉबी वॉलेस होता, या खेळातल्या सगळ्यात भारी शॉर्टस्टॉप्सपैकी (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) एक. हे तिघंही आज हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या सन्मान-यादीत, आहेत. मॅनेजर, म्हणजे मैदानावर टीम चालवणारा, पॅट्सी टेबो, भांडखोर माणूस, पण टीम जिंकवून द्यायचा. १८९८ मध्ये सुद्धा ८१ विजय आणि ६८ पराभव, पाचवा नंबर. मग सहा महिन्यांत एवढं कोसळलं कसं?

पैसा. टीमचे मालक होते फ्रँक रॉबिसन आणि त्याचा भाऊ स्टॅन्ली. फ्रँकचा धंदा शहरातल्या ट्रामचा. १८९१ मध्ये त्याने लीग पार्क हे ग्राउंड बांधलं ते आपल्या ट्रामच्या रस्त्यावरच, म्हणजे प्रेक्षक मॅचला येणार त्याचं भाडंही आपलंच आणि तिकिटही आपलंच. हिशोब डोकं लावून केला होता, पण क्लीव्हलंडमध्ये गर्दी जमेना. त्यात मोठा अडथळा रविवारचा. कामगारांचं शहर, आठवड्याला एकच सुट्टी, आणि त्या दिवशी बेसबॉल खेळायला कायद्याने बंदी. मे १८९७ मध्ये रॉबिसनने एका रविवारी मॅच लावून बघितली, ग्राउंड भरलं, आणि पहिल्या इनिंगनंतर पोलिसांनी दोन्ही टीम्सच्या खेळाडूंना पकडून नेलं. पुढे कोर्टकचेरी झाली, जॅक पॉवेल या पिचरवर चाचणी केस चालली आणि तो दोषी ठरला. मग १८९८ मध्ये गर्दी इतकी रोडावली की रॉबिसनने आपल्या बऱ्याच होम मॅचेस दुसऱ्या शहरांत हलवल्या. म्हणजे १८९९ मध्ये जे झालं त्याची सवय आदल्या वर्षीच लागली होती, फक्त तेव्हा टीममध्ये साय यंग होता म्हणून ती टिकली.

इकडे सेंट लुइसची टीम, ब्राउन्स, पार बुडालेली. मालक क्रिस 'फॉन डर आहे' (Von der Ahe, हे आडनाव), एकेकाळचा धनाढ्य बिअरवाला, १८९८ मध्ये त्याच्या ग्राउंडला आग लागली, त्यातून दावे, कर्ज, आणि टीमची अवस्था ३९ विजय १११ पराभव. मार्च १८९९ मध्ये त्या टीमचा कोर्टाच्या दारात लिलाव झाला आणि काही दिवसांत ती रॉबिसन बंधूंच्या हातात आली. पण त्यांनी क्लीव्हलंड विकलं नाही. एकाच लीगमधल्या दोन टीम्स एकाच घरात! आज हे ऐकून विचित्र वाटतं, पण तेव्हा नियमच नव्हता, आणि रॉबिसन एकटेही नव्हते. त्याच हिवाळ्यात ब्रुकलिन आणि बाल्टिमोरच्या मालकांनी एकमेकांत भागीदारी केली आणि बाल्टिमोरचे चांगले खेळाडू ब्रुकलिनला नेले, त्या वर्षी ब्रुकलिन पहिली आली ती अशी. याला तेव्हा सिंडिकेट बेसबॉल म्हणायचे.

आता रॉबिसनच्या जागी बसून बघा. सेंट लुइस मोठं शहर, १९०० च्या जनगणनेत पावणेसहा लाख वस्ती, क्लीव्हलंड पावणेचार लाखाच्या थोडं वर. सेंट लुइसला रविवारी मॅच चालते, क्लीव्हलंडला नाही. मग चांगला माल कुठे ठेवणार? साय यंग, बर्केट, वॉलेस, टेबो, चाइल्ड्स, मॅकीन, पॉवेल, क्रिगर, ओ'कॉनर, सगळ्यांना सामानासकट सेंट लुइसला पाठवलं. टीमचं नाव बदलून पर्फेक्टोज ठेवलं. आणि तिकडची ती १११ मॅचेस हरलेली मंडळी, त्यातले बरेच जण क्लीव्हलंडला. लेव्ह क्रॉस, टॉमी डाउड, डिक हार्ली, जो क्विन, कॅचर जो सगडन, पिचर जिम ह्यूई आणि विली सुडहॉफ, हे सगळे १८९८ मध्ये ब्राउन्सकडून खेळलेले.

हे नीट लक्षात घ्या, कारण 'स्पायडर्स एका वर्षात रसातळाला गेले' हे वाक्य तसं बरोबर नाही. दोन शहरांतल्या टीम्सची अदलाबदल झाली आणि नावं जागेवर राहिली. क्लीव्हलंडच्या युनिफॉर्ममध्ये १८९९ ला जे उभे होते ते बहुतांशी आदल्या वर्षीचे सेंट लुइसवालेच. खेळाडूंना विचारायचा प्रश्नच नव्हता. करारात रिझर्व्ह क्लॉज असायचा, एकदा सही केली की तुमच्यावर हक्क क्लबचा, सीझन संपला तरी तुम्ही दुसरीकडे जाऊ शकत नाही, आणि लीगने वर्षाच्या पगाराला २४०० डॉलरची मर्यादा घातलेली. मालक म्हणेल त्या गाडीत बसायचं.

१५ एप्रिल १८९९, सीझनचा पहिला दिवस, आणि शेड्यूलमध्ये मॅच कुठली, तर सेंट लुइसमध्ये क्लीव्हलंड विरुद्ध सेंट लुइस. साय यंग आपल्या जुन्या टीमविरुद्ध पिचिंगला, समोर सुडहॉफ आपल्या जुन्या गावाविरुद्ध. सेंट लुइस १०-१ ने जिंकलं. मैदान तुडुंब. दोन्ही टीम्सचा गल्ला एकाच मालकाकडे.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. यापुढचा भाग लोक सोडून देतात आणि माझ्या मते खरा निकाल तिथे लागला. सुरुवातीला मॅनेजर होता लेव्ह क्रॉस, तोच थर्ड बेसवर खेळायचा, उत्तम फील्डर आणि भरवशाचा बॅटर. त्याच्या हाताखाली टीमने ८ मॅचेस जिंकल्या आणि ३० हरल्या. वाईट आहे, पण हाच दर पूर्ण सीझनला लावला तर १५४ मध्ये साधारण ३२ विजय येतात. म्हणजे जी टीम आदल्या वर्षी सेंट लुइसच्या नावाने ३९ जिंकली होती, ती जवळपास तशीच खेळत होती, थोडी खाली. वाईट टीम, पण लीगमध्ये बसणारी वाईट टीम. मग जूनच्या सुरुवातीला काय झालं, तर क्रॉस चांगला खेळतोय म्हणून त्यालाही सेंट लुइसला बोलावून घेतलं. सुडहॉफलाही. उरलेल्यांचा मॅनेजर झाला सेकंड बेसचा जो क्विन, आणि त्याचा हिशोब आहे १२ विजय १०४ पराभव. दर दहा मॅचेसना एक विजय. पहिल्या उचलेगिरीने टीम कमकुवत झाली, दुसरीने मोडली. ज्या टीममधला जो कुणी बरा खेळेल तो पुढच्या आठवड्यात दुसरीकडे जाणार हे सगळ्यांना दिसतंय, तिथे मॅनेजर टीम बांधणार कशी? कोच म्हणून मला यापेक्षा वाईट परिस्थिती सुचत नाही.

आता पिचिंगचं. विजय बघा: ह्यूई ४, नेपर ४, सुडहॉफ ३, बिल हिल ३, श्मिट २, आणि बेट्स, कॉलिफ्लॉवर, कार्सी, हार्पर यांचा प्रत्येकी १. झाले वीस. पराभव बघा: जिम ह्यूई ३०, चार्ली नेपर २२, फ्रँक बेट्स १८, श्मिट १७, कॉलिफ्लॉवर ११. एका सीझनमध्ये ३० मॅचेस हरणारा ह्यूई हा मोठ्या लीगमधला शेवटचा पिचर, त्यानंतर कुणाच्याही नावावर ३० पराभव लागले नाहीत. ४-३० हा आकडा वाचून लोक त्याला टाकाऊ म्हणतात. मी उलट म्हणेन. तीस मॅचेस हरायला तुम्हाला आधी तीसपेक्षा जास्त वेळा बॉल हातात घ्यावा लागतो, आणि खरोखर टाकाऊ पिचरला कुणी इतक्या वेळा बॉल देत नाही. ह्यूई हा त्या टीमचा सगळ्यात भरवशाचा पिचर होता म्हणून त्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त पराभव आले.

त्या काळची पद्धत पण समजून घ्या. आजच्यासारखे सहा-सात रिलीफ पिचर बाहेर तयार बसलेले नसायचे. ज्याने सुरुवात केली त्यानेच नऊ इनिंग ओढायच्या, हात दुखो, मार पडो. चांगल्या टीमकडे तीन-चार दमदार पिचर असायचे, ते आलटून पालटून यायचे आणि मधल्या दिवसांत हाताला विश्रांती मिळायची. इथे काय व्हायचं, आधीच दुसऱ्या फळीचे पिचर, त्यात फील्डर्स कडून चुका, म्हणजे जी इनिंग बारा बॉलमध्ये संपायची ती तीस बॉल चालणार, म्हणजे पिचर लवकर दमणार, दमला की बॉल मधोमध पडणार, मार पडणार, इनिंग आणखी लांबणार, आणि तीन दिवसांनी परत त्यालाच उतरायचं कारण दुसरा कोण आहे? एकदा हे चक्र सुरू झालं की ते आपोआप थांबत नाही, बाहेरून ताजा हात आणावा लागतो, आणि बाहेरून आणायला मालक तयार नाहीत. त्या सीझनमध्ये स्पायडर्सनी ५२९ रन काढले आणि १२५२ दिले. मॅचमागे साडेतीनच्या आत काढले आणि आठपेक्षा जास्त दिले. टीमचा अर्न्ड रन ॲव्हरेज, म्हणजे फील्डिंगच्या चुका वगळून पिचरच्या खात्यावर पडणारे नऊ इनिंगमागचे रन, ६.३७. आता मॅचमागे आठच्या वर दिले आणि त्यातले सव्वासहा-साडेसहा पिचरचे, म्हणजे जवळपास पावणेदोन रन दर मॅचला फील्डिंगने फुकट दिले. (तेव्हाचे ग्लोव्हज लहान, मैदानं खडबडीत, त्यामुळे चुका सगळ्याच टीम्सकडून भरपूर व्हायच्या, हेही सांगायला हवं.)

इथेच तुमच्या 'मुद्दाम हरत होते का' या प्रश्नाचं उत्तर देतो. नाही. आणि हे फक्त भावनेने म्हणत नाही. आम्ही स्कोअरर लोक एक ढोबळ सूत्र वापरतो, काढलेल्या रनचा वर्ग भागिले काढलेल्या आणि दिलेल्या रनच्या वर्गांची बेरीज, त्यावरून टीमने किती टक्के मॅचेस जिंकायला हव्या होत्या याचा अंदाज येतो. ५२९ आणि १२५२ टाकून बघा, ०.१५ च्या आसपास येतं, म्हणजे १५४ मध्ये २३ विजय. प्रत्यक्षात २०. म्हणजे टीम जितकी होती तितकीच खेळली, जिंकता येणाऱ्या मॅचेस सोडून दिल्याची काही खूण आकड्यांत दिसत नाही. आणि व्यवहाराने विचार करा, या प्रत्येक खेळाडूला पुढच्या वर्षीचं काँट्रॅक्ट हवं होतं आणि ते मिळायचा एकच रस्ता, दुसऱ्या टीमच्या मॅनेजरसमोर चांगलं खेळून दाखवणं. जिंकायची सगळ्यात जास्त गरज मैदानात उभ्या असलेल्यांनाच होती. ज्यांना टीम जिंकली काय हरली काय फरक पडत नव्हता ते ऑफिसात बसले होते.

प्रेक्षकांनी ते बरोबर ओळखलं. १ मे ला क्लीव्हलंडमधला पहिला होम डे, लुइव्हिलविरुद्ध एका तिकिटात दोन मॅचेस, आणि जेमतेम काही शे लोक. पूर्ण सीझनमध्ये ४२ होम मॅचेसना मिळून ६०८८ लोक आले, सरासरी १४५. माझ्या इथे शाळेच्या पोरांच्या चांगल्या मॅचला आईबाप आणि आजीआजोबा धरून एवढी माणसं होतात. मी क्लीव्हलंडच्या लोकांना अजिबात दोष देत नाही. ज्या खेळाडूंवर तुम्ही दहा वर्षं जीव लावला ते मालकाने दुसऱ्या गावाला नेले आणि त्यांच्या जागी दुसऱ्यांचे उतरलेले खेळाडू पाठवले, वर तिकीट तेवढंच, तर का जायचं?

पण त्याचा पुढचा परिणाम भयंकर झाला. गेटच्या पैशात पाहुण्या टीमचा वाटा असायचा. १४५ माणसं, अगदी प्रत्येकी अर्धा डॉलर धरला तरी एकूण गल्ला ७२ डॉलर, त्यातला वाटा घेऊन पाहुण्या टीमने डझनावर खेळाडूंचं रेल्वेचं भाडं आणि हॉटेल भागवायचं. भागेना. मग इतर टीम्स क्लीव्हलंडला यायलाच नाही म्हणू लागल्या आणि स्पायडर्सच्या मॅचेस एकेक करून बाहेर हलवल्या गेल्या. शेवटी १५४ पैकी ११२ मॅचेस बाहेर! होमला ९ विजय ३३ पराभव, बाहेर ११ विजय १०१ पराभव. जुलैनंतर तर ही टीम जवळपास सतत रेल्वेतच होती. पेपरवाल्यांनी त्यांना एक्झाइल्स, मिसफिट्स, वाँडरर्स अशी नावं ठेवली. बाहेरच्या मॅचेस म्हणजे नुसती विरोधी टाळ्यांची गोष्ट नाही हो, रोजचं जेवण बाहेरचं, झोप गाडीत, हाताला मसाज नाही, अनोळखी मैदानावर बॉल कसा उसळेल ते माहीत नाही, घरच्यांचं तोंड महिनोन् महिने नाही, आणि वर तुमचा प्रत्येक दिवस हरण्याने संपतो.

ऑगस्टच्या शेवटी सगळा धीरच सुटला असावा. २६ ऑगस्टपासून १६ सप्टेंबरपर्यंत सलग २४ पराभव. हा सगळ्यात लांब सिलसिला नाही बरं का, १८८९ मध्ये लुइव्हिल सलग २६ हरली होती. १८ सप्टेंबरला वॉशिंग्टनविरुद्ध एक मॅच जिंकली. आणि मग सीझन संपेपर्यंत परत सलग १६ पराभव. म्हणजे शेवटच्या ४१ मॅचेसपैकी ४० हरल्या. संपूर्ण सीझनमध्ये सलग दोनपेक्षा जास्त मॅचेस ही टीम कधीच जिंकली नाही.

मला या सगळ्यात सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट ही की टीम मैदानात उतरत राहिली. १५४ च्या १५४ मॅचेस पूर्ण केल्या. ३६-३७ वर्षांचा जो क्विन, ऑस्ट्रेलियात जन्मलेला, तिथून येऊन मोठ्या लीगमध्ये खेळलेला पहिला माणूस, त्याचा सेंट लुइसमध्ये अंत्यविधीचा व्यवसाय होता, म्हणजे बेसबॉल सोडून घरी बसला असता तरी पोट भरलं असतं. पण तो रोज सेकंड बेसवर उभा राहिला आणि बॅटिंग सरासरी २८६, नियमित खेळणाऱ्यांत टीममध्ये सगळ्यात चांगली. १०४ पराभव मॅनेजर म्हणून नावावर लागलेला माणूस आणि बॅटिंगमध्ये आपलं काम चोख.

सीझनचा शेवट १५ ऑक्टोबरला सिनसिनाटीत, रविवारी, डबलहेडर, म्हणजे एकाच दिवशी दोन मॅचेस. शेवटच्या मॅचला पिचर उरलाच नव्हता म्हणा किंवा उरलेल्यांचे हात चालत नव्हते म्हणा, तर हॉटेलच्या सिगार काउंटरवर काम करणाऱ्या एडी कोल्ब नावाच्या पोराला पिचिंगला उभं केलं. १९-३ ने हरले. हा किस्सा लोक गंमत म्हणून सांगतात, मला त्यात गंमत दिसत नाही. मोठ्या लीगची टीम, आणि मालकाने तिला शेवटच्या दिवशी एक पिचर सुद्धा दिला नाही. दुसरा एक किस्सा मात्र मी आवडीने सांगतो. सीझनच्या शेवटी खेळाडूंनी वर्गणी काढून टीमचा ट्रॅव्हलिंग सेक्रेटरी जॉर्ज मुइर याला हिऱ्याचं लॉकेट भेट दिलं, कारण त्या बिचाऱ्याला त्यांच्या सगळ्या मॅचेस बघाव्या लागल्या. सहा महिने रोज हरूनही ही माणसं आपल्याबरोबर फिरणाऱ्या माणसाचा विचार करत होती. मी हे पोरांना सांगतो तेव्हा कुणी हसत नाही.

आणि रॉबिसनला मिळालं काय? पर्फेक्टोज ८४ विजय ६७ पराभव, पाचवा नंबर. बरोबर तोच पाचवा नंबर जो याच खेळाडूंनी आदल्या वर्षी क्लीव्हलंडकडून मिळवला होता. यंगने २६ जिंकल्या, बर्केटची सरासरी ३९६, सगळं चांगलं, पण वरचा एकही नंबर सरकला नाही. एक शहर उद्ध्वस्त करून दुसऱ्या शहराला चॅम्पियनशिप सुद्धा देता आली नाही. सेंट लुइसला गर्दी झाली, गल्ला भरला, आणि पुढच्या वर्षी टीमचं नाव झालं कार्डिनल्स, तीच आजची टीम.

सीझन संपल्यावर हिवाळ्यात नॅशनल लीगने बारामधून चार टीम्स काढून टाकल्या, क्लीव्हलंड, बाल्टिमोर, वॉशिंग्टन आणि लुइव्हिल. लुइव्हिलच्या मालकाने आपले चांगले खेळाडू, त्यात होनस वॅग्नर सुद्धा, पिट्सबर्गला नेले होते. मोकळ्या पडलेल्या शहरांचा फायदा बॅन जॉन्सनने घेतला, १९०० मध्ये आपल्या अमेरिकन लीगची टीम क्लीव्हलंडला आणली, त्याच लीग पार्कमध्ये, आणि १९०१ पासून ती लीग मोठी लीग म्हणून उभी राहिली. आजची क्लीव्हलंड गार्डियन्स ती हीच. म्हणजे नॅशनल लीगच्या मालकांनी जागा मोकळी करून दिली आणि प्रतिस्पर्धी तिथेच वाढला. साय यंग सुद्धा १९०१ मध्ये त्याच नव्या लीगमध्ये बोस्टनला गेला, सेंट लुइसकडून. पुढे एकाच मालकाला दोन क्लब ठेवता येणार नाहीत असा नियम झाला, आणि आज क्लबचा व्यवहार होतो तेव्हा हे बघितलं जातं.

रेकॉर्ड मोडेल का? पराभवांची संख्या बघाल तर आता १६२ मॅचेस असतात, त्यामुळे १३४ च्या वर जाणं कागदावर शक्य आहे. टक्केवारीने बघाल तर स्पायडर्सचे विजय १३ टक्के, आजच्या सीझनमध्ये तेवढंच वाईट व्हायला २१ विजय १४१ पराभव लागतील. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स १२१ हरले, सलग २१ पराभव, सगळीकडे हाहाकार, आणि तरी त्यांनी ४१ जिंकल्या, स्पायडर्सच्या दुप्पट. १९६२ चे न्यूयॉर्क मेट्स, अगदी नवी टीम, ४० जिंकले १२० हरले. आजची कितीही वाईट टीम चाळीसच्या आसपास येऊन थांबते, कारण ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची टीम्समध्ये ठरवून वाटणी, आहे, खालच्या लीगमधून पिचर बोलावता येतात, आणि तुमचा मॅनेजर-थर्ड बेसमन जूनमध्ये मालकाच्या दुसऱ्या टीमला देता येत नाही. आणि बाहेरच्या १०१ पराभवांचा रेकॉर्ड तर मोडूच शकत नाही, आता बाहेरच्या मॅचेसच ८१ असतात.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, खेळाडू कच्चे होते का. काही होते. पण सुडहॉफ, ज्याच्या नावावर स्पायडर्ससाठी ३ विजय ८ पराभव, त्याने १९०३ मध्ये सेंट लुइसच्या दुसऱ्या टीमकडून २१ जिंकल्या. जॅक हार्पर, स्पायडर्सकडून १ विजय ४ पराभव, त्याने १९०१ मध्ये २३ जिंकल्या आणि १९०४ मध्ये सिनसिनाटीकडून परत २३. लेव्ह क्रॉस १९०७ पर्यंत खेळला आणि अडीच हजारांच्या वर हिट्स करून थांबला. सगडन आणखी कित्येक वर्षं मोठ्या लीगमध्ये कॅचर होता. या लोकांना चांगली टीम मिळाली तेव्हा ते जिंकले.